रात्रपाळीवरून येताना रस्ताच दिसत नाही, हेडलाईटला एलईडी टाकू का?

रात्रपाळी

मंडळी नमस्कार, बरेच दिवस इथं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. गाडी साडेतीनशे सीसीची, २०१५ ची, गोल हेडलाईट, बल्ब साधा हॅलोजन एच४, ६०/५५ वॅटचा. कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत सेकंड शिफ्ट असते, साडेअकराला सुटतो आणि घर २२ किलोमीटरवर. हायवे सोडला की शेवटचे १३-१४ किलोमीटर एक दिवा नाही, दोन्ही बाजूला ऊस.

मंगळवारी रात्री थोडक्यात वाचलो. सीझन सुरू झालाय, एका वळणाच्या पुढं उसानं भरलेली ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी होती, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाला दगड लावून माणसं कुठं तरी गेलेली. त्याच वेळी समोरून एक कार अप्पर (लांबवरचा झोत) मारत आली, मी डोळे बारीक करून डाव्या कडेनं चाललो होतो, कार गेली आणि पुढचे दोन सेकंद नुसता काळोख, आणि त्या काळोखातनं एकदम उसाच्या मोळ्या. दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक सरकलं आणि गाडी फाळक्यापासून हातभर अंतरावर थांबली. बाहेर आलेल्या उसाची टोकं हेल्मेटच्या काचेला लागली. अजून तो कर्रकन आवाज कानात आहे.

दुकानात गेलो तर दुकानदार म्हणतो एलईडी घाला, १२० वॅट, ६५०० के (म्हणजे पांढराफेक रंग), २०,००० लुमेन (उजेडाचं माप), चौदाशे रुपये, बसवून देतो. घेऊ का? दुसरा कुठला चांगला असेल तर तेही सांगा. घरी आईला हे सांगितलेलं नाही, पण लाईटचं काम या आठवड्यात करायचंच आहे.

सर्किट_सातारा

देवाची कृपा भावा. पहिलं म्हणजे स्पीड. ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धर, म्हणजे २५ मीटर तर ब्रेक लागायच्या आधीच गेले. बाकीचं सगळं यानंतर.

आता बल्ब घ्यायच्या आधी एक काम कर. मल्टिमीटर असेल तर घे, नसेल तर एमआयडीसीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडं असतोच. गाडी चालू ठेव, डिप्पर (खाली पडणारा झोत) लाव, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघ. मग हेडलाईट उघडून बल्बच्या मागच्या कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये), बल्ब लागलेला असताना, वायरच्या बाजूनं पिना घुसवून तिथं बघ. दोन्ही आकडे इथं टाक. दुकानदाराचं नंतर बघू.

कोकणरायडर

एलईडी घाल आणि मोकळा हो राव. मी दोन वर्षं वापरतोय, दिवस पडल्यासारखा उजेड पडतो.

आंबाघाट

@कोकणरायडर दिवस पडल्यासारखा तुमच्यासाठी, समोरच्यासाठी काय पडतं ते पण विचारात घ्या. माझं कोल्हापूर-रत्नागिरी आठवड्याला एकदा असतं, त्यामुळं आंबा घाटात जुलै-ऑगस्टमध्ये किती धुकं असतं हे मला कुणी सांगायला नको. तिथं ६५०० के वाला पांढराफेक बल्ब घेऊन गेलो होतो मागच्या पावसाळ्यात. समोर पांढरी भिंत उभी राहिली, अप्पर मारला तर भिंत अजून जवळ आली. शेवटी डिप्परवर, २० च्या स्पीडनं, कडेचा पांढरा पट्टा बघत बघत साखरप्यापर्यंत आलो. ओल्या डांबरावर तर हा पांढरा उजेड पडलाय की नाही तेच कळत नाही, रस्ता सगळा पिऊन टाकतो. घरी येऊन पहिल्यांदा बल्ब काढला. सध्या ४३०० के चा आहे, पिवळसर पांढरा, पावसात निदान खड्ड्याची कड दिसते.

रात्रपाळी

@सर्किट_सातारा आज मेंटेनन्सच्या एका काकांकडनं मीटर घेऊन बघितलं. बॅटरीवर १३.८ आणि कपलरवर १२.१. डिप्पर चालू ठेवून. एवढा फरक बरोबर आहे का? आणि कपलरची एक पिन जरा तपकिरी झालीय, प्लास्टिक थोडं वितळल्यासारखं दिसतंय.

सर्किट_सातारा

सापडला बघ तुझा अंधार.

तुझा उजेड वायरमध्ये जातोय. १.७ व्होल्ट बॅटरीपासून बल्बपर्यंत येता येता खलास. आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज थोडं पडलं की उजेड त्याच्या कितीतरी पट जास्त पडतो, साधारण व्होल्टेजच्या ३.४ घातानं. साध्या भाषेत, १० टक्के व्होल्टेज गेलं तर ३० टक्के उजेड गेला. तुझं १२ टक्के गेलंय, म्हणजे बल्बच्या अंगात असलेला एक तृतीयांश उजेड तुला मिळतच नाहीये, आणि तरीही तू त्याच बल्बला शिव्या देतोयस.

असं का होतं, तर बऱ्याच गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट किल्लीच्या स्विचमधून, मग हँडलच्या अप्पर-डिप्पर स्विचमधून फिरून बल्बला जातो. ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. आठ-दहा वर्षं पाऊस-धूळ खाल्लेल्या स्विचच्या कॉन्टॅक्टमधून आणि बारीक वायरमधून पाच अँपिअर नेले की तिथं गरम होतं. पिन तपकिरी झाली ती त्यामुळंच. पिन गरम झाली की अजून सैल होते, सैल झाली की अजून गरम होते, आणि एका रात्री कपलर पूर्ण वितळून लाईट बंद होते, ती पण नेमकी रस्त्यात.

उपाय दोन रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच), एक अप्परला एक डिप्परला. चार पिनांचा साधा रिले, ३० नंबरला बॅटरीकडून थेट वायर, ८७ बल्बला, ८५-८६ मध्ये एकाला जुनी स्विचची वायर आणि एकाला अर्थ. म्हणजे स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता किरकोळ करंट जातो. वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची घे, नवा कपलर सिरॅमिकचा घे. तयार हार्नेस (जोडलेल्या वायरींचा संच) पण मिळतो, पण त्यातली वायर आत केसासारखी बारीक असते कधी कधी, कापून बघितल्याशिवाय घेऊ नको.

स्प्लेंडर_२००९

काका माझ्या स्प्लेंडरला पण करता येईल का हे? रेस केली की लाईट मोठी होते आणि सिग्नलला मिणमिणती. मी एलईडी लावून बघितला होता तर नुसता फडफडायचा आणि आठ दिवसांत गेला.

सर्किट_सातारा

@स्प्लेंडर_२००९ तुझं दुखणं वेगळं आहे. जुन्या स्प्लेंडरला हेडलाईट बॅटरीवर नसते, मॅग्नेटोच्या (इंजिनवर फिरणाऱ्या जनरेटरच्या) कॉइलमधून सरळ एसी जातो. म्हणून रेसबरोबर उजेड कमी-जास्त होतो. एलईडीला डीसी लागतो, एसीवर तो फडफडणारच. तुला आधी हेडलाईट डीसीवर घ्यावी लागेल, त्यासाठी कॉइल आणि आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट दोन्हीत बदल लागतो. नुसती लाईट बॅटरीला जोडून दिलीस तर बॅटरी दोन रात्रींत बसेल, कारण तुझं चार्जिंग तेवढ्यासाठी बनलेलंच नाही. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठ, हे बघून बघून शिकण्यासारखं काम नाही.

चिपळूणची_अश्विनी

मी एलईडी लावलाय आणि समाधानी आहे, पण तो नीट बसवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. ते सविस्तर लिहिते कारण दुकानात हे कुणीही करून देत नाही.

एच४ हॅलोजन हातात घेऊन बघा. काचेच्या आत दोन फिलामेंट दिसतील. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटीशी वाटी असते, चहाच्या चमच्याच्या टोकासारखी. तिच्यामुळं डिप्परचा उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या (हेडलाईटमधल्या चंदेरी आरशाच्या) वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. खालच्या अर्ध्यावर पडला असता तर तो वर, समोरच्याच्या डोळ्यात गेला असता. अख्खी हेडलाईट त्या एवढ्याशा वाटीच्या हिशोबानं बनवलेली असते.

आता एलईडी बघा. त्यात फिलामेंटच्या जागी एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या चौकोनी चिप असतात (एलईडी मुळात निळा असतो, वरच्या पिवळ्या थरामुळं तो पांढरा दिसतो). पट्टी जाड असेल तर दोन बाजूंच्या चिपमध्ये अंतर पडतं, म्हणजे उजेडाची जागाच बदलते. आणि चिप बरोब्बर डावीकडं-उजवीकडं बघायला पाहिजेत, घड्याळाच्या ३ आणि ९ वर. माझ्या मेकॅनिकनं बसवला तेव्हा त्या वर-खाली बघत होत्या. उजेड झाडांवर! मग बल्बच्या कॉलरला बारीक ॲलन स्क्रू असतो तो ढिला करून बल्ब थोडा थोडा फिरवायचा आणि प्रत्येक वेळी भिंतीवर बघायचं.

भिंतीचं असं: सपाट जागेवर गाडी भिंतीपासून २५ फुटांवर, चाकांत हवा बरोबर, मधल्या स्टँडवर नाही तर चाकांवर उभी, आणि रोज जेवढं वजन बसतं तेवढं वर बसलेलं. हेडलाईटच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजायची, भिंतीवर खडूनं तेवढ्याच उंचीवर आडवी रेघ मारायची. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण तीन इंच खाली पाहिजे, आणि कड म्हणजे कड, वर काळं खाली पांढरं. आपल्याकडं डाव्या बाजूला ती थोडी वर चढते, कडेनं चालणारी माणसं दिसावीत म्हणून. माझ्या पहिल्या बल्बला कडच नव्हती, सगळीकडं दुधासारखा पसरलेला उजेड. तो परत केला. दुसऱ्या, पातळ पट्टीच्या बल्बला कड आली, तो ठेवला.

एक गैरसोय पण सांगते. हॅलोजनची काच गरम होते त्यामुळं पावसात आत धरलेली वाफ दहा मिनिटांत जाते. एलईडीची उष्णता पुढं जात नाही, मागं पंख्याकडं जाते, त्यामुळं चिपळूणच्या पावसात माझी काच आतून चार-चार दिवस धुरकट राहते. हेडलाईटमागचं रबरी बूट (झाकण) नीट बसलंय का हे बघत राहावं लागतं, आणि बऱ्याच बल्बच्या पंख्यामुळं ते बसतच नाही.

कोकणरायडर

@चिपळूणची_अश्विनी ताई हे मी कधी बघितलंच नव्हतं, आज भिंतीवर बघतो.

नेकरकाठ

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून लिहितोय. इथं हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब घालायला अनेक वर्षं सरळ बंदी होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ओसरामचा पहिला एलईडी बल्ब मंजूर झाला, पण ती मंजुरी नुसत्या बल्बला नाही, बल्ब आणि अमुक गाडीची अमुक हेडलाईट अशा जोडीला आहे. यादीत तुमची गाडी असेल तरच घाला, कागद बरोबर ठेवा. अश्विनीताईंनी लिहिलंय तेच कारण, एकच बल्ब एका रिफ्लेक्टरमध्ये सुंदर कड देतो आणि दुसऱ्यात समोरच्याला आंधळा करतो. तिकडच्या दुकानात ही यादी मिळणार नाही, म्हणून भिंत हीच तुमची यादी.

कलम_बावन्न

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंडाची तरतूद आली. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६. पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळवलेला पाहिजे, इतका की दिव्यापासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर सरकून, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपू नये. म्हणजे साधारण आपल्याच उंचीचा, समोरून आपल्या उजव्या बाजूनं येणारा माणूस. टेप घ्या आणि स्वतः उभे राहून बघा, याला आरटीओ लागत नाही.

आणि एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना लाईट बंद करायचं बटणच नाही, किल्ली फिरवून गाडी चालू केली की लाईट चालू. त्यामुळं चुकीचा बसलेला बल्ब दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यात जात असतो.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सुट्टी होती, दिवसभर हेच केलं. कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं लिहितो.

सकाळी आधी हेडलाईट उघडली. काचेच्या आत धुळीचा थर इतका की बोट फिरवल्यावर रेघ उठली. काच आतून-बाहेरून पुसली. रिफ्लेक्टरला मात्र हात लावला नाही, त्याची चंदेरी फिल्म पुसली की निघते असं मेंटेनन्सच्या काकांनी बजावलं होतं, नुसती हवा मारली. मग दोन रिले, १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ ची वायर, सिरॅमिक कपलर, सगळं मिळून साडेपाचशे रुपये. काका घरी आले, जोडताना मला शेजारी बसवून घेतलं आणि प्रत्येक वायर माझ्याकडनंच क्रिंप करून घेतली, म्हणाले उद्या रस्त्यात काही झालं तर तुला माहीत पाहिजे. जुना कपलर काढला तर एक पिन हातातच तुटून आली. म्हणजे मी त्या पिनेच्या भरवशावर रोज येत होतो.

संध्याकाळी परत मोजलं. बॅटरीवर १३.८, कपलरवर १३.५.

एलईडीची पण परीक्षा घ्यायची होती, म्हणून मित्राच्या गाडीतला तो चौदाशेवाला काढून आणला, तोच दुकानदाराचा. काकांनी आधी करंट मोजला, १.६ अँपिअर, म्हणजे २१-२२ वॅट. खोक्यावर १२० लिहिलंय. आणि २०,००० लुमेनचं तर विचारूच नका, चांगल्या एच४ हॅलोजनचा अप्पर १,६५० आणि डिप्पर १,००० लुमेनचा असतो, २२ वॅटमध्ये २०,००० कुठनं येणार.

मग अंधार पडल्यावर शाळेच्या मागच्या भिंतीसमोर गाडी लावली. आधी एलईडी. भिंत पांढरीफेक, बघितल्यावर मलाही वाटलं हाच ठेवावा. पण खडूच्या रेघेच्या वर पण तेवढाच उजेड आणि खाली पण तेवढाच. कॉलर फिरवून फिरवून बघितली, कड काय आली नाही. मग ८ मीटर टेपनं मोजून धाकट्या भावाला उभा केला आणि डिप्पर लावला. तो हात आडवा धरून म्हणाला, दादा तू कुठं आहेस तेच दिसंना. दुसऱ्यांदा हॅलोजन घातला, रिलेवर. भावाला विचारलं तर म्हणाला दिसतोयस, गाडीचा नंबर पण वाचता येतोय.

भावाचं ते वाक्य ऐकल्यावर मला मंगळवारची ती कार आठवली. मी ट्रॉलीत जाता जाता वाचलो त्यात ट्रॉलीला लाईट नव्हती हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं त्या कारचा अप्पर. मी दुसऱ्या कुणासाठी ती कार व्हायचं नाही.

नवा हॅलोजन घेतला, चांगल्या कंपनीचा, ६०/५५ चाच. काल रात्री त्याच रस्त्यानं आलो. वळणावर आधी फक्त समोरचा डांबराचा तुकडा दिसायचा, काल बांधावरचा दगड दिसला, कडेनं चाललेला एक म्हातारा सायकलवाला लांबूनच दिसला. स्पीड ४५ च ठेवला.

सर्किट_सातारा

मन भरून आलं वाचून. १३.५ म्हणजे एकदम चोख काम, काकांना माझा नमस्कार सांग. महिन्याभरानं रात्री एकदा कपलरला हात लावून बघ, गरम लागला तर पिन परत बघायची. आणि कुणाला जास्त उजेडाच्या हव्यासानं १००/९० वॅटचा हॅलोजन घालावासा वाटत असेल तर नको. होल्डर आणि रिफ्लेक्टर त्या उष्णतेसाठी बनलेला नसतो, रिफ्लेक्टर काळपट पडला की कुठलाच बल्ब कामाचा नाही.

कोकणरायडर

मी पण रात्री भिंतीवर बघितलं. कड नाही. अर्धा उजेड शेजारच्यांच्या गॅलरीत. दोन वर्षं मी असाच फिरतोय. समोरचे डिप्पर मारून सांगायचे तेव्हा मला वाटायचं माझी लाईट भारी आहे म्हणून मारतायत. पातळ पट्टीवाला बघतो ताई, नाही जमला तर हॅलोजनवर येतो.

चिपळूणची_अश्विनी

नक्की बघा, आणि बसवल्यावर फोटो टाका, मी सांगते कड बरोबर आहे का. फोटो काढताना मोबाईलचा एक्स्पोजर कमी करा नाहीतर सगळंच पांढरं येतं.

आंबाघाट

@रात्रपाळी त्या ट्रॉलीचं काय केलंस? सीझन अजून तीन-चार महिने आहे.

रात्रपाळी

ती कुणाची होती ते कळलं नाही. पण आमचा पण ऊस जातो, चुलत्यांच्या दोन ट्रॉल्या आहेत आणि त्यांच्या मागं पण काही नव्हतं, हे मला त्या दिवसापर्यंत कधी दिसलंच नव्हतं. लाल रिफ्लेक्टर टेपचा रोल आणला, फाळका घासून धुऊन आडव्या दोन पट्ट्या आणि कडेला उभ्या पट्ट्या मारल्या, ऊस बाहेर लोंबला तरी खालची पट्टी झाकली जात नाही एवढ्या खाली. रात्री गाडी लांब लावून बघितलं, डिप्परमध्ये लखलख दिसतात. रोलमधली टेप उरलीय, चुलते म्हणाले शेजाऱ्यांच्या ट्रॉलीला पण मार, उद्या सकाळी जाणार आहे.

स्प्लेंडर_२००९

दादा रिले कुठं बसवले? माझं डीसीचं काम झालं की मला पण लागतील.

रात्रपाळी

टाकीखाली, फ्रेमला, पिना खाली तोंड करून म्हणजे पाणी साचत नाही. फ्यूज मात्र तिथं नको, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच ठेव. मधे वायर कुठं घासली तर तोच उडायला पाहिजे.